पुस्तक मिटा, मग नकाशा काढा: माइंड मॅपिंग सॉफ्टवेअर वापरून अभ्यास कसा करायचा

दादर पूर्वेच्या एका अभ्यासिकेत मी आठवड्यातून दोन संध्याकाळी स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांबरोबर बसते. मागे एका मुलीने तिच्या लॅपटॉपवरचा माइंड मॅप मला दाखवला. विषय संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. सात रंग, प्रत्येक फांदीला चित्र, अक्षरं नेटकी. चार संध्याकाळी त्यात गेल्या होत्या. मी लॅपटॉपचा पडदा खाली केला आणि विचारलं, "फाजल अली आयोगाच्या फांदीवर काय काय लिहिलंयस?" फाजल अली आयोग म्हणजे राज्य पुनर्रचना आयोग. तिला दोनच शब्द आठवले. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

मेहनतीत ती कुठेच कमी पडली नव्हती. पुस्तक शेजारी उघडं ठेवून तिने त्यातला मजकूर स्क्रीनवर उतरवला होता. मजकूर पुस्तकातून नकाशात गेला, पण वाटेत तिच्या डोक्यात थांबलाच नाही. डोंबिवलीहून रोज दीड तास उभ्याने प्रवास करून येणाऱ्या मुलीच्या चार संध्याकाळी अशा जाणं मला परवडत नाही, म्हणून हा लेख. सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, मराठीत टाइप कसं करायचं, बटणं कोणती, हे सगळं यात आहे. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते: नकाशा पुस्तक मिटून काढायचा. पुस्तक उघडायचं ते नंतर, तपासायला.

हे नेमकं आहे काय

मधोमध एक विषय, त्यातून निघणाऱ्या मोठ्या फांद्या, त्यांना लहान फांद्या आणि प्रत्येक फांदीवर एक-दोन शब्द, एवढाच माइंड मॅप. टोनी बुझान या ब्रिटिश लेखकाने १९७४ साली बीबीसीवरच्या कार्यक्रमातून हा शब्द लोकप्रिय केला. झाडासारख्या आकृत्या मात्र त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून काढल्या जात होत्या. त्याच दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक आणि त्यांचे सहकारी 'कन्सेप्ट मॅप' या वेगळ्या पद्धतीवर काम करत होते. तिच्यात एकच मध्य नसतो आणि दोन कल्पनांना जोडणाऱ्या रेषेवर ते नातं शब्दांत लिहावं लागतं. आपल्याला दोन्हींतलं चांगलं घ्यायचं आहे. बुझानकडून झाड, नोवाककडून रेषेवरचा शब्द.

मुंबईकराला हे समजावायला लोकलपेक्षा चांगलं उदाहरण नाही. मध्य रेल्वे सीएसएमटीहून निघते आणि कल्याणला तिला दोन फांद्या फुटतात. टिटवाळा, आसनगाव, कसारा एकीकडे. अंबरनाथ, बदलापूर, कर्जत दुसरीकडे. हार्बर वडाळा रोडला फुटते. बदलापूर कुठे आहे हे आपण पाठ केलेलं नसतं. ते 'कल्याणच्या पुढे, कर्जतच्या बाजूला' असं डोक्यात बसलेलं असतं. जागा कळली की नाव आपोआप आठवतं. हे झालं झाड. पण दादर? ते पश्चिम मार्गावरही आहे आणि मध्य मार्गावरही. झाडात एका पानाला एकच फांदी असते, त्यामुळे दादर झाडात बसत नाही. त्याला पूल लागतो. अभ्यासातही अशी 'दादरं' असतात आणि परीक्षेतले चांगले प्रश्न नेमके तिथेच विचारले जातात. पुलांकडे पुढे येतेच.

पुस्तक मिटून का

२०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात पर्ड्यू विद्यापीठाच्या जेफ्री कार्पिके आणि जनेल ब्लंट यांचा एक प्रयोग छापून आला. काही विद्यार्थ्यांनी विज्ञानाचा उतारा समोर ठेवून त्याचा कन्सेप्ट मॅप काढला. काहींनी उतारा वाचला, बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहून काढलं. मग पुन्हा वाचला, पुन्हा लिहिलं. आठवड्यानंतरच्या परीक्षेत आठवून लिहिणारे पुढे होते. समजुतीच्या आणि तर्काच्या प्रश्नांतही तेच पुढे.

हे वाचून काहींनी नकाशे टाकूनच दिले. घाई झाली ती. याच दोघांनी २०१४ मध्ये पुढचा अभ्यास मांडला. त्यात विद्यार्थ्यांना मजकूर समोर न ठेवता, आठवणीतून नकाशा काढायला सांगितलं होतं. तेव्हा तो परिच्छेद लिहून आठवण्याइतकाच उपयोगी ठरला. म्हणजे दोष आकृतीचा नव्हता, उघड्या पुस्तकाचा होता. मिटलेल्या पुस्तकाने काढलेला नकाशा ही स्वतःची परीक्षा असते आणि तो काढत असतानाच अभ्यास होत असतो.

मग कागद का नको?

कागद चालतो. पहिले दोन-तीन नकाशे कागदावरच काढा असं मी सांगते. पण आठवणीतून काढलेला नकाशा पहिल्या झटक्यात विस्कळीत येतो, आणि यायलाच हवा. कागदावर मग खाडाखोड होते, जागा संपते, नवा कागद घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये फांदी उचलून दुसरीकडे नेता येते आणि तिची सगळी पोरं तिच्याबरोबर जातात. दुसरं म्हणजे फांदी मिटता येते. वरचं शीर्षक दिसतं, आतलं झाकलं जातं. हलवणं आणि मिटणं, या दोन सोयींसाठीच सॉफ्टवेअर वापरायचं. रंग, चित्रं, सजवलेल्या पार्श्वभूमी यांना मी काही किंमत देत नाही. त्यांत वेळ जातो आणि अभ्यास केल्यासारखं वाटतं, हे जास्त वाईट.

कोणतं सॉफ्टवेअर

लॅपटॉप किंवा घरात जुना संगणक असेल तर फ्रीप्लेन घ्या. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, खातं उघडावं लागत नाही आणि इंटरनेट बंद असलं तरी काही अडत नाही. फ्रीमाइंड नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरमधूनच ते पुढे आलं. दिसायला साधं आहे, पहिल्या दिवशी मेन्यू बघून दडपण येतं, पण त्यातल्या दहा टक्के गोष्टीच आपल्याला लागतात. दिसणं महत्त्वाचं वाटत असेल तर एक्समाइंड बघा. त्याच्या मोफत आवृत्तीत अभ्यासापुरतं सगळं होतं.

फक्त फोनच असेल तर सिंपलमाइंड किंवा एक्समाइंडचं ॲप. चार जण मिळून एकाच नकाशावर काम करणार असाल तर ब्राउझरमध्ये चालणारं कॉगल किंवा माइंडमिस्टर. या दोन्हींच्या मोफत खात्यांत किती नकाशे ठेवता येतात यावर मर्यादा असते.

निवडण्याआधी एक गोष्ट जरूर करा. दहा शब्दांचा खोटा नकाशा काढा आणि तो बाहेर काढून बघा. नुसतं चित्र मिळतंय, की दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बदलता येईल अशी फाइल मिळतेय? हे मी किंमत मोजून शिकले. काही वर्षांपूर्वी माझे वीस-बावीस नकाशे एका ऑनलाइन सेवेवर होते. त्यांनी मोफत खात्याचे नियम बदलले. नकाशे दिसत होते, पण हात लावता येत नव्हता, आणि बाहेर काढले तर निव्वळ चित्रं. मुलांच्या परीक्षेच्या तोंडावर मी ते सगळे पुन्हा टाइप केले. तेव्हापासून मुख्य प्रत कायम माझ्या संगणकावर आणि तिची एक प्रत ड्राइव्हवर ठेवते. फ्रीप्लेनची डॉट एमएम फाइल आतून साधा मजकूरच असते आणि एक्समाइंडसारखी इतर सॉफ्टवेअरही ती घेऊ शकतात.

मराठी टायपिंग आधी मार्गी लावा

निम्मी मुलं इथेच थांबतात आणि मग रोमन लिपीत मराठी लिहायला लागतात. तसं करू नका. परीक्षेत जे शब्द देवनागरीत लिहायचे आहेत ते डोळ्यांना देवनागरीतच दिसले पाहिजेत. विंडोज १० आणि ११ मध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, आणि उच्चारानुसार टाइप करायचा फोनेटिक कीबोर्डही. इनस्क्रिप्टला पहिले पंधरा दिवस त्रास होतो, पण पुढे हात पळतो. फोनवर जीबोर्डमध्ये मराठी निवडा. त्यात बोलून टाइप करायची सोय आहे आणि ती मराठी बऱ्यापैकी ओळखते. एकटे असाल तेव्हा वापरा, अभ्यासिकेत नको.

फॉन्ट युनिकोड हवा. निर्मला यूआय विंडोजमध्ये असतोच. मला 'मुक्त' आवडतो. एक टाइप या मुंबईच्याच संस्थेने तो बनवला आहे, मोफत मिळतो आणि लहान आकारातही जोडाक्षरं स्पष्ट दिसतात. जुन्या नोट्स श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर त्या थेट चिकटवल्यावर अगम्य अक्षरं उमटतील. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, ऱ्ह, ष्ट्य, र्‍य यांसारखी अक्षरं डोळ्यांखालून घाला, मगच चिकटवा. नकाशाची पीडीएफ काढताना जोडाक्षरं तुटली तर पीएनजी चित्र काढा. त्यात जसं स्क्रीनवर दिसतं तसंच येतं.

चार बटणं

फ्रीप्लेन उघडा, कंट्रोल आणि एन दाबून नवा नकाशा घ्या. मधल्या चौकटीत विषय टाइप करा. टॅब दाबलं की तिला नवी फांदी फुटते. त्या फांदीवर असताना एंटर दाबलं की शेजारी तिची बहीण येते, पुन्हा टॅब दाबलं तर तिची मुलगी. लिहिलेलं बदलायचं असेल तर एफ२. फांदी मिटायला किंवा उघडायला स्पेस बार. हलवायची असेल तर माउसने उचलून जिच्याखाली हवी तिच्यावर सोडा. चुकलात तर कंट्रोल आणि झेड.

बस. दहा मिनिटं घरातल्या किराण्याच्या यादीवर सराव करा आणि मग माउस शक्यतो बाजूला ठेवा. आठवत असताना हात माउसकडे गेला की विचार तुटतो.

आता एक नकाशा खरोखर काढू

तोच विषय घेऊ, संयुक्त महाराष्ट्र. मुंबईत वाढलेल्या कुणालाही यातलं काही ना काही माहीत असतंच.

आधी प्रकरण एकदा नीट वाचा. अधोरेखित करू नका, लिहू नका, फक्त वाचा. पुस्तक मिटून पिशवीत टाका. टेबलावर उलटं ठेवलेलं पुस्तक पुरेसं दूर नसतं.

मधल्या चौकटीत विषयाचं नाव लिहू नका, प्रश्न लिहा. 'संयुक्त महाराष्ट्र चळवळ' असं लिहिलं तर काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे कळत नाही, सगळंच आत येतं. 'मुंबईसह महाराष्ट्र कसा मिळाला?' असं लिहिलं की प्रत्येक आठवणीला कसोटी मिळते: याचा या उत्तराशी संबंध काय?

फोनवर दहा मिनिटांचा गजर लावा. आता आठवेल ते एंटर मारत एकाखाली एक लिहीत जा. क्रम नको, गट नकोत, शुद्धलेखनही नको. त्या मुलीने माझ्यासमोर हे पुन्हा केलं तेव्हा तिची यादी अशी आली: हुतात्मा चौक, आचार्य अत्रे, १ मे १९६०, फाजल अली, अमर शेख, मोरारजी, बेळगाव, द्विभाषिक, चिंतामणराव देशमुख राजीनामा, प्रतापगड, डांगे, एसेम, अण्णा भाऊ, यशवंतराव. सहाव्या मिनिटाला ती थांबली. "संपलं, ताई." मी म्हटलं, गजर होऊ दे. उरलेल्या चार मिनिटांत तिला नागपूर करार, मराठवाडा आणि १९५७ ची निवडणूक आठवली. आठवण संपली असं वाटल्यानंतरची ही मिनिटं फार मोलाची असतात. ती कुणी सोडू नका.

पुढचं काम गट पाडायचं. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिला मोह होतो सगळं तारखेनुसार लावायचा. पण तारखांची ओळ म्हणजे साखळी झाली, तिला फांद्या फुटत नाहीत आणि मधली एक कडी विसरली की पुढचं सगळं अडतं. इतिहास असला तरी आधी 'कोण काय करत होतं' असे गट पाडा. आम्ही पाडलेले गट: मागणी कुठून आली, आयोग आणि करार, (संयुक्त महाराष्ट्र) समिती, रस्त्यावरची लढाई, शाहिरी आणि वृत्तपत्र, सरकारची पावलं, आणि राहून गेलेलं. सात झाले. ते मला जास्त वाटले. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मनात एका वेळी सात, फार तर दोन कमी-जास्त गोष्टी मावतात असं मांडलं होतं. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ती संख्या चारच्या आसपास आणली. मी मुलांना पाचाची मर्यादा घालते. 'शाहिरी आणि वृत्तपत्र' 'रस्त्यावरची लढाई'च्या पोटात गेलं, 'समिती' 'मागणी'खाली. पाच उरले.

हे करताना तिला एका जागी अडायला झालं. नागपूर करार कुठे घालायचा? करार म्हणून 'आयोग आणि करार'मध्ये, की विदर्भाला दिलेलं आश्वासन म्हणून 'मागणी'मध्ये? आम्ही पाच मिनिटं त्यावर बोललो. त्या पाच मिनिटांत विदर्भाचा प्रश्न तिला जितका कळला तितका आधीच्या दोन वाचनांत कळला नव्हता. फांदी कुठे लावायची हे ठरवताना विषय समजतो. म्हणून तयार नकाशे उतरवून घेऊ नका.

आता पुस्तक पिशवीतून काढा. जे सुटलं ते भरा, पण वेगळ्या रंगात. नकाशात रंग वापरायचा तो इथेच, आणि दोनच: आठवलेलं काळ्यात, पुस्तकातून भरलेलं लाल. तिच्या 'आयोग आणि करार' फांदीवर काळ्यात फाजल अली आणि नागपूर करार होते. लालमध्ये आले १९४७ चा अकोला करार, १९४८ चा दार आयोग, त्यानंतरची नेहरू, पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांची जेव्हीपी समिती. 'मागणी'खाली लालमध्ये १९४६ चं बेळगावचं साहित्य संमेलन. 'रस्त्यावर' या फांदीवर २१ नोव्हेंबर १९५५, फ्लोरा फाउंटनजवळचा गोळीबार. चौक आठवला होता, तारीख नव्हती. स्क्रीनवर लाल कुठे दाटलंय हे एका नजरेत दिसतं आणि उद्या काय वाचायचं ते आपोआप ठरतं.

एका फांदीवर तीन-चार शब्दांपेक्षा जास्त नकोत. 'राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली अहवाल सादर करून द्विभाषिक मुंबई राज्याची शिफारस केली' हे वाक्य फांदीवर घातलं तर तो नकाशा न राहता निबंध होतो. 'फाजल अली' ही फांदी, तिच्याखाली '१९५५', 'द्विभाषिक मुंबई', 'विदर्भ वेगळा' अशा तीन डहाळ्या. पूर्ण वाक्य, आकडा किंवा पान क्रमांक जपायचाच असेल तर फांदीला जोडलेल्या टिपेत टाका. फ्रीप्लेन आणि एक्समाइंड दोन्हींत ती सोय आहे. संदर्भावर शंका असेल तर 'शंका' असं एक ठरावीक चिन्ह लावा. फ्रीप्लेनमध्ये चिन्हानुसार फांद्या गाळून बघता येतात, त्यामुळे आठवड्याच्या सगळ्या शंका एकत्र काढता येतात. आमची मुलं ती यादी घेऊन नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात जातात.

पूल बांधा, आणि पुलावर शब्द लिहा

झाड उभं राहिलं की दादरं शोधायची. एका फांदीवरची गोष्ट दुसऱ्या फांदीवरच्या गोष्टीमुळे घडली असं कुठे आहे? फ्रीप्लेनमध्ये दोन फांद्या निवडून कनेक्टर जोडता येतो, एक्समाइंडमध्ये त्यालाच रिलेशनशिप म्हणतात. दोन्हींत त्या रेषेवर शब्द लिहिता येतो. रेषा काढून शब्द मोकळा ठेवला तर काम अर्धंच झालं. हा नोवाकांचा धडा.

आमच्या नकाशात पहिला पूल असा: सरकारची पावलं या फांदीवर 'मुंबई केंद्रशासित, जानेवारी १९५६', तिथून केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांच्या राजीनाम्याकडे रेषा, वर शब्द 'निषेध म्हणून'. दुसरा: 'द्विभाषिक राज्य, १ नोव्हेंबर १९५६' पासून १९५७ च्या निवडणुकीकडे, शब्द 'तरीही'. कारण मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य देऊनही पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठा फटका बसला आणि समितीचे उमेदवार निवडून आले. तिसरा: त्या निकालापासून १ मे १९६० कडे, शब्द 'म्हणून', आणि त्याच्यापुढे तिने स्वतःहून प्रश्नचिन्ह घातलं. निकालामुळेच राज्य मिळालं, की प्रतापगडच्या मोर्चाने, की दिल्लीतच मत बदललं? त्या प्रश्नचिन्हाने मला फार आनंद झाला. वर्णनात्मक उत्तराचा गाभा तिथे होता.

पूल तीन-चारच ठेवा. सगळं सगळ्याला जोडलं की जाळं होतं आणि मुख्य काय ते दिसेनासं होतं.

मिटलेला नकाशा हीच प्रश्नपत्रिका

बहुतेक जण नकाशा झाला की फाइल जपून ठेवतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री नुसते बघतात. बघून आठवत नाही, ओळखीचं वाटतं, आणि त्या वाटण्यानेच घात होतो.

त्याऐवजी असं करा. दुसऱ्या दिवशी फाइल उघडा, सगळ्या फांद्या स्पेस बारने मिटा, म्हणजे मध्य आणि पाच शीर्षकंच उरतील. पहिलं शीर्षक बघा, त्याच्याखाली काय काय आहे ते कोऱ्या कागदावर लिहा किंवा हळू आवाजात बोला. मग फांदी उघडा. चुकलेल्या डहाळीवर चिन्ह लावा. पुढची फांदी. पाच फांद्यांना पंधरा मिनिटं पुरतात. पुन्हा तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. हे अंतर म्हणजे काही कायदा नाही, अभ्यासिकेतल्या मुलांना जमलं म्हणून मी ते ठेवलं आहे. ज्या फांदीवर सलग दोनदा चूक झाली नाही तिला पुढच्या वेळी वगळा, ज्या अडतात त्यांना जास्त वेळ द्या.

महिन्यातून एकदा याहून कठीण परीक्षा घ्या. जुना नकाशा न उघडता कोऱ्या फाइलवर तोच प्रश्न मधोमध लिहून पुन्हा दहा मिनिटं. मग दोन्ही शेजारी ठेवा. गट बदललेले दिसतील, आणि बहुतेक वेळा नवे गट जास्त चांगले असतात.

लोकलमध्ये

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांचा दिवसाचा मोकळा वेळ म्हणजे गाडीतला वेळ. पण शंभर फांद्यांचा नकाशा सहा इंचांच्या पडद्यावर, एका हाताने दांडा धरून बघणं अशक्य आहे. प्रवासासाठी वेगळी तयारी करा. एकेक मोठी फांदी वेगळी उघडून तिचं पीएनजी चित्र काढा. आणखी एक चित्र, त्याच फांदीचं, मिटलेलं. फोनच्या अल्बममध्ये आधी मिटलेलं, मागोमाग उघडं. बोट फिरवायच्या आधी मनात उत्तर द्यायचं. ठाणे ते दादर एवढ्यात दोन फांद्या निवांत होतात.

चढायलाही जागा नसेल त्या गर्दीत फोन बाहेर काढूच नका. फक्त मधला प्रश्न मनात घ्या आणि पाच फांद्या बोटांवर मोजा. याला काहीही लागत नाही.

गाडीत काही सुचलं तर फोनच्या नोट्समध्ये एका ओळीत एक मुद्दा लिहा, पोटातला मुद्दा ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा सोडून. घरी आल्यावर तो मजकूर कॉपी करून फ्रीप्लेनमधल्या फांदीवर चिकटवला की जागांच्या हिशेबाने आपोआप फांद्या आणि डहाळ्या तयार होतात. ही एक सोय कळल्यावर एका मुलाने मला पेढे आणून दिले होते.

नकाशातून उत्तर लिहिताना

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून मुलांची खरी अडचण आठवण्याची नाही, मांडायची आहे. नकाशा इथेही कामाला येतो, पण तो जसाच्या तसा उतरवू नका. प्रश्न वाचा, नकाशातल्या पाचपैकी कोणत्या तीन फांद्या या प्रश्नाला लागतात ते ठरवा आणि बाकीच्या मिटून टाका. उरलेल्यांना क्रम द्या. एक फांदी म्हणजे एक परिच्छेद. परिच्छेदातून परिच्छेदात जाताना जे वाक्य लागतं ते पुलावर आधीच लिहिलेलं असतं: 'निषेध म्हणून', 'तरीही'. ज्या उत्तरात एकही पूल वापरला गेला नाही ते उत्तर मी मुलांना परत करते. त्यात माहिती असते, पण मांडणी नसते.

यंत्राने काढून दिलेले नकाशे

पीडीएफ दिली की नकाशा हातात देणारी साधनं आता बरीच आहेत. गूगलच्या नोटबुकएलएममध्ये २०२५ पासून ही सोय आहे. मुलं विचारतात, मग आपण कशाला काढायचा? कारण फांदी कुठे लावायची या गोंधळात जे शिकायला मिळतं ते यंत्र स्वतःकडे ठेवतं आणि तुमच्या हातात उरते ती फक्त अनुक्रमणिका. पण तिचा एक चांगला उपयोग आहे. तुमचा नकाशा पूर्ण झाल्यावर यंत्राचा काढा आणि शेजारी ठेवा. त्याने घेतलेली आणि तुम्ही सोडलेली फांदी कोणती? ती खरंच महत्त्वाची आहे का, पुस्तकात तशीच आहे का? तपासा आणि मगच घ्या, लाल रंगात.

कुठे वापरू नये

गणिताची उदाहरणं नकाशाने येत नाहीत, ती सोडवूनच येतात. सूत्रं कोणत्या प्रकारच्या प्रश्नाला लावायची एवढ्यापुरता छोटा नकाशा चालेल. दोन-तीन गोष्टींची तुलना करायची असेल, समजा राज्यसभा आणि विधान परिषद, तर साधा तक्ता काढा. व्याकरणाचे नियम, कलमांचे क्रमांक यांना कार्डं बरी. आणि कविता किंवा एखादा सुंदर उतारा असेल तर तो मोठ्याने वाचा, फांद्यांत तोडू नका.

ती डोंबिवलीची मुलगी आता एका नकाशाला पन्नास मिनिटं देते: दहा आठवायला, वीस गट पाडायला, पंधरा पुस्तकातून भरायला, पाच पुलांना. चित्रं नसतात, रंग दोनच. गेल्या मंगळवारी तिने सीमाप्रश्नाचा नकाशा आणला. मध्ये प्रश्न होता, 'महाजन आयोग महाराष्ट्राला का मान्य झाला नाही?' मी पडदा खाली केला आणि विचारलं. ती बोलायला लागली, आणि अभ्यासिका बंद करायची वेळ झाली तरी बोलतच होती.